रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग आणि त्याची चौकशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालय, दवाखाना, लॅब किंवा तपासणी केंद्रात तक्रार आल्यावर ज्यांच्याकडे चौकशी सोपवली जाते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. रुग्णांना आणि नातेवाइकांनाही यातून चौकशीकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

नेमका भंग कशाला म्हणायचा?

कामाचे कारण नसताना कोणी रुग्णाची माहिती पाहिली, वापरली, बाहेर दिली किंवा निष्काळजीपणामुळे ती भलत्याच्या हाती गेली, तर तो भंग. माहिती बाहेर फुटलीच पाहिजे असे नाही. शेजारणीचा रिपोर्ट सहज उघडून पाहिला आणि कोणालाच सांगितला नाही, तरी भंग झालाच. ‘मी कुठे कोणाला बोललो?’ हा बचाव चौकशीत सर्वांत जास्त ऐकू येतो. त्याने फार तर नुकसान कमी ठरते, कृती योग्य ठरत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. वॉर्डात पडद्याआड डॉक्टर हळू आवाजात बोलत असताना शेजारच्या खाटेवर दोन शब्द ऐकू गेले, तर तो बहुधा भंग नसतो. पुरेशी काळजी घेऊनही काही गोष्टी टळत नाहीत. तेच बोलणे लिफ्टमध्ये रुग्णाचे नाव घेऊन झाले, तर ही सवलत मिळत नाही.

तक्रार आली. पहिल्या दिवशी काय करायचे?

तीन गोष्टी, शक्यतो याच क्रमाने.

आधी नोंद. तक्रार कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या कानावर पहिल्यांदा आली ते लिहा. कळवण्याच्या मुदती इथून मोजल्या जातात. अमेरिकेच्या नियमांत संस्थेतल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला कळले तो दिवस धरतात, चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद आला तो नव्हे. बाकी ठिकाणीही असेच गृहीत धरलेले बरे. तक्रारदाराला लेखी पोच आणि तक्रार क्रमांक द्या.

मग गळती थांबवा. चुकीचा मेल गेला असेल तर ज्याला गेला त्याला फोन करा, चोरीला गेलेल्या लॅपटॉपचे खाते बंद करा, भिंतीवर लावलेली यादी काढा. पण काढण्याआधी फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या. घाईघाईने ‘डिलीट करा’ सांगितल्यामुळे एकमेव पुरावा संस्थेनेच पुसला, असे बऱ्याचदा होते.

तिसरे, पुरावा राखून ठेवण्याचा लेखी आदेश आयटी विभागाला, सुरक्षा विभागाला आणि रेकॉर्ड रूमला त्याच दिवशी द्या. तोंडी सांगितलेले शिफ्ट बदलली की विसरले जाते.

कोणता पुरावा सर्वांत आधी हातातून जातो?

सीसीटीव्ही. डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे चढते. अनेक ठिकाणी हे दोन ते चार आठवड्यांत होते, कमी क्षमतेच्या डिस्कवर त्याहूनही लवकर. त्यानंतर प्रिंटरच्या नोंदी, टेलिफोन एक्स्चेंजच्या नोंदी आणि दारावरच्या कार्ड रीडरच्या नोंदी.

रुग्णालयाच्या मुख्य सॉफ्टवेअरचा लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय उघडले याची आपोआप होणारी नोंद, मागवला म्हणजे सगळे आले, असे समजू नका. एक्स-रे आणि एमआरआयच्या प्रतिमा साठवणारी पॅक्स प्रणाली, लॅबचे सॉफ्टवेअर, औषध दुकान, बिलिंग आणि विमा विभाग यांचे लॉग बहुधा वेगळे असतात. मुख्य प्रणालीत काहीच सापडत नाही आणि सोनोग्राफीचा अहवाल मात्र पॅक्समधून थेट पाहिलेला असतो.

लॉगची फाइल मिळाली की तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा, फाइलच्या बोटाच्या ठशासारखा संकेतांक) काढून चौकशीच्या कागदात लिहून ठेवा. मूळ प्रत बाजूला ठेवा आणि काम नकलेवर करा. ज्याच्यावर संशय आहे तो आयटी विभागातलाच असेल, तर लॉग दुसऱ्याच माणसाने काढायला हवा. हे सांगावे लागू नये, पण लागते.

लॉग वाचायचा कसा?

दोन शोध घ्या. पहिला रुग्णाच्या क्रमांकावरून: दाखल झाल्यापासून आजपर्यंत हा रेकॉर्ड कोणी कोणी उघडला. दुसरा संशयिताच्या लॉगिनवरून: किमान गेल्या तीन महिन्यांत त्याने कोणकोणते रेकॉर्ड उघडले. पहिल्याने तक्रारीचे उत्तर मिळते, तर हा एकच प्रसंग आहे की सवय, ते दुसऱ्यातून कळते. तक्रार एका रुग्णाची असते आणि दुसऱ्या शोधात तीच व्यक्ती अर्ध्या सोसायटीचे रिपोर्ट पाहताना सापडते.

प्रत्येक ओळीत हे पाहा: लॉगिन, संगणक, वेळ, कोणता भाग उघडला, नुसता पाहिला, बदलला, छापला की बाहेर काढला. फक्त पत्ता आणि फोन नंबर पाहिला असेल तर हेतू वेगळा असू शकतो. मानसोपचाराच्या नोंदी वाचल्या असतील तर वेगळा. घटस्फोटाच्या किंवा पोटगीच्या वादात पत्ताच सर्वांत धोकादायक ठरतो, म्हणून ‘फक्त पत्ता पाहिला’ असे म्हणून सोडून देऊ नका.

मग हा तक्ता ड्युटी चार्ट, वॉर्डाची रुग्णयादी, अपॉइंटमेंट आणि रेफरल यांच्याशी ताडून पाहा. संशयिताचे आडनाव, पत्ता किंवा आपत्कालीन संपर्क रुग्णाशी जुळतो का, हेही तपासा. नातेवाईक, माजी जोडीदार, शेजारी आणि सहकारी या चार नात्यांत बरीचशी ताकझाक सापडते. त्यातही कर्मचारी स्वतः रुग्ण म्हणून दाखल झाला की त्याचा रेकॉर्ड पाहणाऱ्यांची रांग लागते.

वेळेबाबत सावध राहा. अनेक सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे पहाटे २ वाजता उघडलेला रेकॉर्ड लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या २०:३० ला दिसतो. एवढ्याने निर्दोष माणूस ड्युटीबाहेर आणि दोषी माणूस ड्युटीवर दिसू शकतो. वेगवेगळ्या प्रणालींची घड्याळेही काही मिनिटांनी मागेपुढे असतात. सीसीटीव्हीचे घड्याळ तर हमखास.

लॉगमध्ये नाव आले म्हणजे दोष सिद्ध झाला का?

नाही. काही प्रणालींत नावाने शोध घेतला की यादीत आलेल्या प्रत्येक रुग्णापुढे ‘पाहिले’ अशी नोंद पडते. काहींत वॉर्डाची यादी उघडताच सगळ्या खाटांची माहिती मागच्या मागे लोड होते. आपले सॉफ्टवेअर कसे वागते ते चाचणीच्या खात्यावर तीच कृती करून पाहा आणि मगच लॉगचा अर्थ लावा. विक्रेत्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या.

शिवाय कामाची बरीच कारणे ड्युटी चार्टवर दिसत नाहीत: फोनवरून दिलेला सल्ला, ऐनवेळी अदलाबदल केलेली ड्युटी, खाटांचे नियोजन, संसर्ग नियंत्रण, विमा दाव्याची पडताळणी, रेकॉर्डची गुणवत्ता तपासणी. म्हणून प्रश्न नेहमी असा ठेवा: ‘या माणसाला, या वेळी, या रुग्णाच्या एवढ्या माहितीची कामासाठी गरज होती का?’ यातला ‘एवढ्या’ महत्त्वाचा. बिलिंगच्या कर्मचाऱ्याला बिल पाहण्याचे कारण असते, समुपदेशनाच्या नोंदी वाचण्याचे नसते.

सगळा वॉर्ड एकच पासवर्ड वापरतो. मग?

मग लॉग खात्याचे नाव सांगतो, माणसाचे नाही. संगणक कोणत्या खोलीत आहे, त्या मिनिटाला कॅमेऱ्यात कोण दिसते, दार कोणत्या कार्डाने उघडले, त्याच संगणकावरून लगेच आधी किंवा नंतर कोणी स्वतःचे लॉगिन वापरले, यावरून माणूस ठरवण्याचा प्रयत्न करा. तरीही ठरत नसेल तर अंदाजाने कोणाचे नाव लिहू नका. अहवालात ‘व्यक्ती निश्चित झाली नाही, सामायिक लॉगिन हाच नियमभंग असून त्याची जबाबदारी विभागप्रमुखाची’ असे लिहा. पासवर्ड देणारा आणि वापरणारा दोघेही जबाबदार. रात्रपाळीत लॉगिन मिळायला तीन दिवस लागतात म्हणून सामायिक पासवर्ड चालतो, असे आढळले तर तेही लिहा.

लॉगच ठेवला जात नसेल तर तक्रार बाद होते का?

होऊ नये. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये ‘आय विरुद्ध फिनलंड’ या खटल्यात हाच मुद्दा निकालात काढला. एका रुग्णालयात काम करणारी परिचारिका तिथेच एचआयव्हीचे उपचार घेत होती. सहकाऱ्यांनी आपला रेकॉर्ड पाहिल्याचा तिला संशय आला. पण त्या काळच्या प्रणालीत फक्त शेवटच्या पाच वापरांची नोंद राहत होती, तीही व्यक्तीच्या नव्हे तर विभागाच्या नावाने, आणि फाइल परत अभिलेखात गेली की तीही पुसली जाई. देशातल्या न्यायालयांत ती हरली, कारण सिद्ध करायला काही नव्हते. मानवी हक्क न्यायालयाने मात्र पुरावा न ठेवणारी व्यवस्था हाच तिच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग मानला.

चौकशीत याचा उपयोग असा: लॉग नसेल तर ‘तक्रार निराधार’ असा शेरा मारू नका. ‘पडताळणी शक्य नाही, कारण संस्थेने नोंद ठेवली नाही’ असा लिहा.

जबाब कोणत्या क्रमाने घ्यायचे?

तक्रारदार, मग प्रणालीची माहिती असणारे, मग इनचार्ज सिस्टर किंवा पर्यवेक्षक, मग साक्षीदार आणि ज्याच्यावर आरोप आहे तो शेवटी. तोवर कागद तुमच्या हाती असतात आणि त्यालाही एकदाच, नेमके विचारता येते. मात्र पहिल्या आणि शेवटच्या जबाबात फार दिवस जाऊ देऊ नका. चौकशी सुरू असल्याचे वॉर्डात दोन दिवसांत सगळ्यांना कळते.

दोघांनी बसावे, एकाने विचारावे आणि दुसऱ्याने लिहावे. आरंभ मोकळ्या प्रश्नाने करा: ‘या रुग्णाच्या उपचारात तुमचे काम काय होते?’ उत्तर पूर्ण लिहून झाल्यावरच लॉगची ओळ समोर ठेवा. आधीच लॉग दाखवला तर उत्तर लॉगला जुळवून येते. पुढे विचारायचे: काय पाहिले, का पाहिले, कोणाला सांगितले, छापले किंवा फोटो काढला का, ती प्रत आता कुठे आहे. जबाब वाचून दाखवा, दुरुस्त्या त्याच्याच हस्ताक्षरात घ्या आणि सही घ्या.

तीन चुका नेहमी होतात. साक्षीदाराला विचारताना चौकशी अधिकारीच रुग्णाचा आजार सांगून बसतो. ‘तुमचे नाव कुठेही येणार नाही’ असे वचन दिले जाते आणि ते नंतर पाळता येत नाही. ‘गरज असेल तेवढ्यांनाच कळेल’ इतकेच सांगा. आणि तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याची लगेच बदली होते. बदलीमागचे कारण खरेच वेगळे असले तरी ती सूड म्हणूनच वाचली जाते, म्हणून चौकशी संपेपर्यंत असे आदेश थांबवून ठेवा.

कर्मचाऱ्याचा खासगी मोबाइल तपासता येतो का?

संस्थेने दिलेला फोन धोरणानुसार तपासता येतो. खासगी फोन हिसकावून घेणे, पासवर्ड सांगायला भाग पाडणे किंवा गॅलरी चाळणे करू नका. रुग्णाची गोपनीयता शोधताना कर्मचाऱ्याची मोडेल आणि पुरावाही वादात सापडेल. त्यानेच स्वतःहून संबंधित संदेश दाखवावा आणि त्याचा स्क्रीनशॉट द्यावा, अशी लेखी विनंती करा. नकार दिला तर नकार नोंदवा. गुन्ह्याचा संशय असेल तर फोनचे काम पोलिसांचे आहे.

दुसऱ्याच रुग्णाच्या घरी रिपोर्ट गेला. एवढ्यासाठीही चौकशी?

हो, पण ती लहान असू शकते. ज्याला गेला त्याच्याशी त्याच दिवशी बोला: उघडला का, वाचला का, पुढे पाठवला का. कागद परत घ्या. डिजिटल असेल तर डाउनलोड फोल्डर आणि बॅकअपमधूनही काढल्याचे लेखी घ्या. ‘सर्वांसाठी हटवा’ दाबले म्हणून आधी जतन केलेली प्रत जात नाही.

खरी मेहनत कारण शोधण्यात आहे. फोन नंबरचा एक अंक चुकला? सारख्या नावाच्या दोन रुग्णांत घोळ झाला? मेल लिहिताना पत्ता आपोआप भरला गेला? छपाई यंत्रात आधीच्या माणसाची दोन पाने राहिली आणि ती पुढच्या लिफाफ्यात गेली? शेवटच्या प्रकारात एक चूक सापडली की त्या तासाभरातले सगळे लिफाफे संशयित धरा, कारण तिथे चूक एकावर थांबत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्स-रे टाकला, पण नाव झाकले होते.

झाकलेल्या नावाने सगळे झाकले जाते असे नाही. कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक, मनगटावरची पट्टी, गोंदण, मागे दिसणारा खाट क्रमांक, तारीख आणि गावात एकच असू शकेल असा दुर्मीळ आजार यांपैकी कशानेही रुग्ण ओळखू येतो. डोळ्यांवरची काळी पट्टी तर निव्वळ समाधानापुरती असते. मूळ डायकॉम फाइल (एक्स-रे, एमआरआय यंत्रांतून निघणारी प्रतिमेची फाइल) पाठवली असेल तर प्रतिमेवर काही दिसत नसले तरी फाइलच्या आतल्या नोंदीत नाव आणि जन्मतारीख असू शकते.

चौकशीत ग्रुपच्या सदस्यांची त्या दिवशीची यादी, पुढे पाठवल्याची माहिती आणि ग्रुपचा हेतू नोंदवा. उपचाराच्या सल्ल्यासाठी दोन तज्ज्ञांना पाठवणे आणि दोनशे जणांच्या माजी विद्यार्थी ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून टाकणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

स्वतःचा किंवा आईचा रेकॉर्ड उघडणे चालते का?

स्वतःचा रेकॉर्ड मिळणे हा हक्क असला तरी कामाच्या लॉगिनने तो उघडायला बहुतेक संस्थांच्या धोरणात बंदी असते. मागणीचा अर्ज करायचा, इतरांप्रमाणेच. यात सहसा समज पुरेशी होते. आईचा, नवऱ्याचा किंवा सज्ञान मुलाचा रेकॉर्ड मात्र त्यांच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याचाच रेकॉर्ड आहे. ‘तिनेच पाहायला सांगितले’ असे सांगितले गेले तर तिला वेगळे विचारा, त्याच्या समोर नाही.

भंग किती गंभीर, हे कसे ठरवायचे?

अमेरिकेच्या हिपा या आरोग्य माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखालील नियमांतले चार निकष कोणत्याही देशात कामी येतात. माहिती कोणत्या प्रकारची आणि त्यावरून रुग्ण ओळखता येतो का. ती कोणाच्या हाती गेली. प्रत्यक्ष पाहिली गेली की फक्त पाहता आली असती. आणि धोका किती कमी करता आला. गोपनीयतेला बांधील असलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडे चुकून गेलेला आणि न उघडता परत आलेला लिफाफा एका टोकाला; एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात किंवा लैंगिक अत्याचाराची माहिती नातेवाइकाच्या किंवा मालकाच्या हाती लागणे दुसऱ्या टोकाला. रुग्णाला प्रत्यक्ष मारहाणीचा किंवा घराबाहेर काढले जाण्याचा धोका असेल तर चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याला आधी सावध करा.

कोणाला, किती दिवसांत कळवायचे?

देशानुसार बदलते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यानुसार, भंग संस्थेला कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला. व्यक्तीला मोठा धोका असेल तर तिलाही विनाविलंब. अमेरिकेत रुग्णाला अवाजवी विलंब न लावता, जास्तीत जास्त ६० दिवसांत. ५०० किंवा अधिक लोक बाधित असतील तर त्याच मुदतीत आरोग्य खात्यालाही. भारतात सायबर घटना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवण्याचे निर्देश एप्रिल २०२२ पासूनचे आहेत. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत माहिती संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींना विनाविलंब कळवणे आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत देणे आहे. या तरतुदींना अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी आहे.

सगळे तपशील हाती येईपर्यंत थांबू नका. जे कळले ते कळवा आणि बाकीचे पुढच्या पत्रात द्या.

रुग्णाला पत्रात काय लिहायचे?

काय घडले आणि केव्हा, कोणती माहिती गेली, संस्थेने काय केले, रुग्णाने काय काळजी घ्यावी आणि प्रश्न असल्यास कोणाशी बोलावे. साध्या भाषेत, एका पानात. ‘आपली काही माहिती कदाचित प्रभावित झाली असू शकते’ अशी वाक्ये राग वाढवतात. पत्र कुठे पाठवायचे तेही रुग्णाला विचारा. घरच्यांपासून लपवलेल्या उपचाराचे माफीपत्र घरच्याच पत्त्यावर गेले तर दुसरा भंग होतो.

शिक्षा किती?

नकळत झालेली चूक, कुतूहल, आणि फायद्यासाठी किंवा द्वेषाने केलेले कृत्य अशा तीन पायऱ्या आधीच लिहून ठेवलेल्या असाव्यात. कुतूहलाला ‘साधी चूक’ म्हणू नका. रेकॉर्ड आपोआप उघडत नाही, शोधून उघडावा लागतो. आणि पद पाहून पायरी बदलू नका. ज्या कृत्यासाठी वॉर्डबॉयला निलंबित केले त्याच कृत्यासाठी वरिष्ठ सर्जनला तोंडी समज मिळाली, तर पुढची तक्रार कोणी आणणार नाही.

दोषी सापडला. चौकशी संपली?

त्याला एवढे दिसत का होते, याचे उत्तर मिळेपर्यंत नाही. पोर्तुगालच्या नियामकाने २०१८ मध्ये बारेइरो येथील रुग्णालयाला ४ लाख युरो दंड केला. तिथे डॉक्टर म्हणून ९८५ खाती चालू होती आणि डॉक्टर होते २९६. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये हेग शहरातल्या हागा रुग्णालयाला ४ लाख ६० हजार युरोचा दंड झाला. एका प्रसिद्ध व्यक्तीचा रेकॉर्ड डझनावारी कर्मचाऱ्यांनी विनाकारण पाहिला होता, पण नियामकाने बोट ठेवले ते लॉगची नियमित तपासणी नसण्यावर आणि लॉगिनच्या दुहेरी पडताळणीच्या अभावावर.

म्हणून अहवालात हे तपासा: नोकरी सोडलेल्यांची खाती बंद होतात का, बदली झाल्यावर जुन्या विभागाचे अधिकार काढले जातात का, आणीबाणीत अधिकाराबाहेरचा रेकॉर्ड उघडताना विचारलेले कारण नंतर कोणी वाचते का. त्या रकान्यात नुसता टिंब टाकून पुढे जाणारे सापडतातच.

चौकशीची फाइल कुठे ठेवायची?

रुग्णाच्या केस पेपरमध्ये नाही आणि कर्मचाऱ्याच्या सामान्य फाइलमध्येही नाही. वेगळ्या, कुलूपबंद किंवा मर्यादित अधिकाराच्या जागी ठेवा. अहवालात रुग्णाच्या नावाऐवजी क्रमांक वापरा आणि क्रमांक-नावाचा तक्ता निराळा ठेवा. हिपाखाली असे कागद ६ वर्षे जपावे लागतात. इतरत्र स्थानिक कायदा पाहा आणि न्यायालयात प्रकरण चालू असेल तर ते संपेपर्यंत काहीही नष्ट करू नका. ही फाइल कोणी उघडली, याचीही नोंदवही ठेवा.